हज भिशीची सातवी चिठ्ठी

हजला निघण्याआधी माणसाने सगळ्यांची माफी मागून घ्यायची असते. कुणाला उणं-अधिक बोललो असू, कुणाचं मन मोडलं असेल, कुणाचं काही ठेवून घेतलं असेल, ते सगळं निस्तरून मगच घराबाहेर पाऊल टाकायचं. कल्याणच्या दूधनाक्यावर राहणाऱ्या सफुरा जुवारीने हे जरा जास्तच मनावर घेतलं. तिने वहीच्या पानावर यादी केली. बावन्न नावं झाली. बासष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, सांदणं करून विकणाऱ्या विधवा बाईने बावन्न माणसांचं काय एवढं वाईट केलं असेल, असा प्रश्न तिच्या भावाला पडला होता. पण सफुराची जीभ ज्यांनी ऐकली होती त्यांना यादी तोकडीच वाटली.

पंधरा दिवस ती दारोदार फिरली. एका टोपल्यावरून अकरा वर्षं जिच्याशी अबोला होता त्या भावजयीच्या गळ्यात पडून आली. मासळीवाल्या बाईला तिने तोंडावर सांगितलं की, तुझ्या तराजूवर माझा कधीच विश्वास नव्हता, माफ कर. नारळवाल्या धनेशपुढे ती उभी राहिली आणि म्हणाली, "वीस वर्षं मी तुझ्या प्रत्येक नारळामागे रुपया कमी करायला लावला, मनात ठेवू नकोस." धनेशचे डोळे पाणावले. त्याने वर दोन नारळ भेट दिले. ते घेताना सफुराने सवयीने दोन्ही कानाशी धरून हलवून पाहिले, आणि मग स्वतःच ओशाळली.

एक्कावन्न नावांवर काट बसली. उरलं एकच, जया भोईर. मंगळवारी विमान होतं, आणि शनिवारी दुपारी सफुरा ठाण्याला कोपरीत जयाकडे निघाली. जयाला तिने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. तिच्याशी काही वाकडं आलेलंच नव्हतं. उजव्या हाताने डाव्या हाताची माफी मागावी तसलाच तो प्रकार.

जया मूळची कल्याणचीच. दोघी एका शाळेत, एका बाकावर शिकलेल्या. लग्न होऊन जया कोपरीच्या आगरी घरात गेली आणि पुढे पोस्टाच्या बचतीची एजंट झाली. दर महिन्याच्या पाच तारखेला ती कल्याणला यायची आणि दूधनाक्यापासून रेतीबंदरापर्यंत बायकांकडून पैसे गोळा करायची. हिंदू बायका हसत द्यायच्या. मुसलमान बायकांची पंचाईत व्हायची, कारण पोस्ट म्हटलं की व्याज आलं आणि व्याज हराम. इतर वेळी एखादी डोळेझाक करीलही, पण हजचा पैसा निर्मळच हवा. व्याजाच्या पैशाने मक्केला जाणं म्हणजे मळक्या पायांनी नमाजाच्या जानमाजवर चढणं.

मग हजसाठी साठवायचं कुठे? कुणी डाळीच्या डब्यात साठवायची, त्यातलं निम्मं आजारपणात जायचं. मध्येच एक गोड बोलणारा दाढीवाला गृहस्थ उगवला. व्याज नाही बाई, नफा आहे, सोन्यात गुंतवतो, बिलकुल हलाल, असं सांगून त्याने हिरवी पाटी लावलेल्या ऑफिसात सरबत पाजलं. दोन वर्षांनी पाटी गेली, ऑफिस गेलं आणि गृहस्थही गेला. अल्लाचं नाव घेऊन गंडवणाऱ्याला काय शिक्षा असेल ते अल्लाच जाणे, पण सफुराचे सत्तर हजार त्यात बुडाले.

त्यावर तोडगा काढला तो खैरुनआपाने. खैरुनआपा सफुरापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, नवऱ्यामागे शिवणावर घर चालवलेली, अक्षरओळख नसलेली पण हिशेबाला पक्की. ती म्हणाली, आपण दहा जणी भिशी घालू. दर महिन्याला तीन-तीन हजार. वर्षाचे होतात तीन लाख साठ हजार, एका बाईची हज सुटते. दरसाल एक चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल ती जाईल. व्याज नाही, नफा नाही, कुणाचं कुणाला देणं नाही. पैसे बँकेच्या चालू खात्यात ठेवायचे, तिथे व्याज लागतच नाही.

सगळं ठरलं, पण चिठ्ठी काढणार कोण यावर गाडी अडली. दहाच्या दहा जणींना मक्का हवी. कुणीही काढली तरी उरलेल्या नऊ जणींच्या पोटात किंतू राहणार. त्यावरही इलाज खैरुनआपानेच शोधला. "जिला जायचंच नाही तिने काढावी," ती म्हणाली. "आपली जया. तिला ना काबा बघायचाय, ना तिथल्या झमझमच्या विहिरीचं पाणी प्यायचंय. तिला कसला लोभ?" हे सगळ्यांना पटलं. तेव्हापासून चिठ्ठ्या जयाच लिहायची, पितळी वाटीत टाकून जयाच हलवायची, डोळे मिटून जयाच उचलायची आणि नाव जयाच वाचायची. दुसऱ्या कुणी चिठ्ठी मागून पाहिली नाही. पाहिली असती तर तो जयाचा अपमान झाला असता.

सहा वर्षांत सहा जणी जाऊन आल्या. गेल्या जुलैत सातवी चिठ्ठी निघाली. वाटीत चार नावं होती. जयाने डोळे मिटले, घडी उलगडली, जरा वेळ तशीच बघत राहिली आणि म्हणाली, "सफुरा."

तो क्षण सफुराला अजून जसाच्या तसा आठवत होता. आधी तिच्या कानांवर विश्वास बसला नाही. मग ती जमिनीवरच बसली आणि लहान पोरीसारखी रडली. हजला कुणी आपल्या मनाने जात नाही, तिकडून बुलावा यावा लागतो, असं ती जन्मभर ऐकत आली होती. करोडपती राहतात आणि भाजीवाली जाऊन येते. आणि इतक्या माणसांतून तिला बोलावलं होतं, सफुराला, जिने आयुष्यात धड एक रोजा चिडचिड न करता केला नव्हता. खैरुनआपाने तिला उठवलं, पोटाशी धरलं. "जा गो बाय, तुझा नंबर लागला," ती म्हणाली. पण ते म्हणताना तिने मान दुसरीकडे वळवली होती, हेही सफुराच्या ध्यानात राहिलं होतं.

जानेवारीत खैरुनआपा गेली. मूत्रपिंडं निकामी झाली, तीन आठवड्यांत खेळ आटोपला. तिच्या मय्यतीला सफुराने आपल्या हातांनी आंघोळ घातली. शेवटच्या आठवड्यात आपाने उशीखालून एक हिरव्या कापडाची लहानशी पिशवी काढून दिली होती. हजमध्ये सैतानाला मारायचे खडे ठेवायला तिने ती भिशी सुरू झाली त्याच वर्षी शिवली होती, दोरीला दोन मणी लावून. "मला काही त्याने बोलावलं नाही," आपा म्हणाली होती, "माझंच काही चुकलं असेल. तुला बोलावलंय, तू घेऊन जा."

ती पिशवी आता सफुराच्या पर्समध्ये होती.

जयाच्या घरी पोचल्यावर चहा झाला. जयाची सून जागृती नमस्कार करून बाजारात गेली. मग सफुराने कप बाजूला सारला, जयाचे दोन्ही हात हातात घेतले आणि गेल्या पंधरा दिवसांत तोंडपाठ झालेलं वाक्य म्हटलं.

"जये, कळत-नकळत तुला काही बोलले असेन, दुखवलं असेन, तर माफ कर. मी चाललेय."

समोरच्याने 'केलं माफ' म्हणायचं, एवढंच उरतं. एक्कावन्न जणांनी म्हटलं होतं. जयाने हात सोडवून घेतले.

"अगं, म्हण ना," सफुरा हसत म्हणाली. "का खरंच काही आहे मनात?"

"तू माझी माफी मागू नकोस, सफुरे," जया म्हणाली. "मला ती घेता येणार नाही."

"का?"

"ती चिठ्ठी तुझी नव्हती."

सफुराला आधी काही कळलंच नाही. कुठली चिठ्ठी, औषधाची का, असं तिच्या मनात आलं. जया खाली मान घालून बोलत होती.

"मी उघडली तेव्हा त्यात खैरुनआपाचं नाव होतं. मी तुझं वाचलं."

खोलीत पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. सफुरा ते ऐकत राहिली. स्कूटर एकदाची चालू झाली आणि निघून गेली, तरी तिच्या डोक्यात जया काय म्हणाली ते शिरत नव्हतं. असं कसं होईल? जया पोस्टाच्या पावतीत एक रुपया इकडचा तिकडे झाला तर कल्याणला उलट येऊन देऊन जाणारी बाई.

"तू गंमत करतेस," ती म्हणाली.

जया उठली. कपाटातून पावत्यांचा पत्र्याचा डबा काढून तिने तळाशी ठेवलेली चिठ्ठी सफुराच्या हातात दिली. सफुराने ती नाकाशी नेली, थोडी डावीकडे सरकवली, थोडी वर घेतली. हल्ली कुठलंही अक्षर असंच शोधावं लागे. उजव्या डोळ्यासमोर धुकंच असे आणि डाव्याला बरोबर समोरचं तेवढं दिसे. शेवटी अक्षरं सापडली. जयाचंच वळण, तीन अक्षरं. खैरुन.

सफुराने चिठ्ठीची घडी घातली आणि ती पर्समध्ये टाकली.

"का केलंस?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी काय? मी तुला सांगितलेलं? मी एका शब्दाने कधी बोललेले?"

"नाही गो. तू नाहीस." जयाने पदराने तोंड पुसलं. "त्याच्या आधीच्या महिन्यात आपण नौपाड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेलो, आठवतंय? तुझ्या डोळ्यांत थेंब घालून तुला बाहेर बसवलेलं. डॉक्टरने विचारलं, घरचं कोण आहे. मी म्हटलं, मी बहीण. मग त्याने मला आत घेतलं."

"मोतीबिंदू आहे म्हणाला ना?"

जयाने चहाचा रिकामा कप उगाच आणखी बाजूला सरकवला.

"जये, मोतीबिंदू आहे ना? हजवरून आले की ऑपरेशन करायचं ठरलंय आपलं."

"काचबिंदू आहे," जया म्हणाली. "नस सुकत चाललीय. ऑपरेशनने परत येणारी नाही. थेंबांनी जेवढं थोपेल तेवढं थोपवायचं. वर्ष म्हणाला, फार तर दीड. तेव्हा जून होता. आता मे आलाय."

एका दुपारी, एका चहाच्या कपात एवढं सगळं. सफुराला रडू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. राग यायला हवा होता, तोही कुठेतरी मागे रांगेत उभा होता. तिला फक्त गार वाटत होतं, भर मे महिन्यात. आधी तिचा बुलावा गेला होता, आणि तो गेल्याचं कळायच्या आत डोळे गेले होते. दोन्ही जयाला दहा-अकरा महिने ठाऊक होतं. ती दर पाच तारखेला येत होती, सांदण खात होती, विमानतळावर सोडायला मी येणार म्हणत होती.

"तूच म्हणायचीस," जया सांगत होती, "काबा पहिल्यांदा दिसतो तेव्हा पापणी हलायच्या आधी जे मागावं ते मिळतं. चिठ्ठी उघडली आणि माझ्या डोक्यात तेच आलं. पुढच्या वर्षी तुझी निघाली तर तू तिथे जाऊन बघणार काय? आपा काय, पुढच्या वर्षीही गेली असती. तिला काय झालेलं तेव्हा? चांगली ठणठणीत होती. मला वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

"आणि ती गेली."

"ती गेली," जया म्हणाली. "पण सफुरे, तशीही ती जानेवारीतच गेली. चिठ्ठी तिची वाचली असती तरी हजला काही ती पोचली नसती. मी रोज स्वतःला हेच सांगते."

जिला जायचं नाही तिला लोभ नाही, असं दहा शहाण्या बायकांनी मिळून ठरवलं होतं. जयाला मक्केला जायचं नव्हतं हे खरंच. पण तिला सफुराला पाठवायचं होतं, आणि तो लोभ दहाजणींपैकी कुणाच्याच हिशेबात आला नव्हता.

सफुरा उठली. पर्स खांद्याला अडकवली. "मी रुकय्याकडे जाते," ती म्हणाली. रुकय्या ही खैरुनआपाची एकुलती एक मुलगी, रेतीबंदराच्या रस्त्यावर आईच्याच घरात राहणारी.

"मी येते."

"नको."

"तू एकटी कशी जाशील?" जयाच्या तोंडून निघून गेलं, आणि दोघींना त्याचा अर्थ एकदमच लागला. सफुराने मग हरकत घेतली नाही.

कल्याण स्टेशनवरून रिक्षा केली. सफुराचा राग आता पुढे आला होता आणि त्याला कुठे बसवावं हे तिला कळत नव्हतं. जयावर काढावा तर तिने स्वतःसाठी छदामही घेतला नव्हता. आणि सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट अशी की, मनाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी सारखं म्हणत होतं, गप्प बस, मंगळवारी विमानात बस, काबा बघ, डोळे माग. तिने रिक्षाची दांडी घट्ट धरून ठेवली.

रुकय्याची इमारत जुनी, जिना काळोखा आणि अरुंद. वर चढताना जयाने दंड धरायला हात पुढे केला, तो सफुराने झटकला. दुसऱ्या मजल्यावर ती ठेचकाळली, भिंतीला धरून उभी राहिली आणि पुन्हा एकटीच चढू लागली.

रुकय्या उर्दू शाळेत शिकवायची. चाळिशीची, शांत चेहऱ्याची बाई. दार उघडताच ती खूश झाली. "या खाला. मी उद्या तुमच्याकडे येणारच होते हार घेऊन. जयामावशी, तुम्हीपण? बसा ना."

सफुरा बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सांगून टाकलं. काही गाळलं नाही, फक्त डोळ्यांचं बोलली नाही. चिठ्ठी आपाची होती, जयाने मैत्रीपायी माझं नाव वाचलं, मला आज कळलं, एवढंच. मग पर्समधून ती चिठ्ठी आणि हिरवी पिशवी काढून तिने टीपॉयवर ठेवली.

"मी जात नाही," ती म्हणाली. "रद्द केलं तर कापून जेवढे परत येतील ते तुझे. आपाचे आहेत ते."

रुकय्याने चिठ्ठी उचलली. वाचली. उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली, जणू तिथे आणखी काही लिहिलेलं असेल. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग ती चिठ्ठी हातात धरूनच खाली बसली.

"तुझी अम्मी तशीही पोचली नसती गो," जया पुटपुटली. "जानेवारीत..."

"पोचली नसती," रुकय्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती. "मला ठाऊक आहे मावशी, पोचली नसती. पण तुम्हाला ती मेली कशी ते ठाऊक आहे? शेवटच्या रात्रींना ती मला विचारायची, रुकय्या, माझं काय चुकलं गं? सात वर्षं माझं नाव वाटीत आहे, सात वर्षं तो माझं नाव उचलत नाही. शेजारणीला बोलावतो, समोरचीला बोलावतो, मला नाही. मी कुणाचं काय खाल्लं? शिवणातलं उरलेलं कापड ठेवून घ्यायचे, त्याचं असेल का? एकदा तर मला म्हणाली, जुन्या गिऱ्हाइकांना शोध आणि माझ्या वतीने माफी माग. मी गेले. तेरा घरं फिरले मी. कापडाच्या चिंध्यांची माफी मागत."

जयाने तोंडावर हात ठेवला.

"त्याने नाव उचललं होतं," रुकय्या म्हणाली. "तिला बोलावलं होतं त्याने. आणि ती, मी त्याला नकोशी झाले, असं समजून मेली."

सफुराला आपाची ती वळवलेली मान आठवली, आणि तिला वाटलं जमीन फाटेल तर बरं. आत्तापर्यंत तिला वाटत होतं की आपाची जागा आपल्याकडे आलीय. आता कळलं की जागा राहू दे, त्या बाईचं मरणच आपण कडू केलं होतं, तिच्याच हातची पिशवी हसत हसत घेऊन.

जया पुढे झाली, रुकय्याच्या पायाशी वाकली. "मला माफ कर, पोरी."

रुकय्याने पाय मागे घेतले. "मी कशी करू? ते माझं नाहीच. ज्या बाईचं होतं ती आता नाही." मग ती सफुराकडे वळली. "आणि तुम्ही जायचं, खाला. तुम्ही नाही गेलात तर अम्मीला काय मिळणार? रिकामी खुर्ची विमानात?"

"तिच्या नावाने हज करते मी. माझी नको, तिची."

"आपल्यात तसं चालत नाही. आधी स्वतःची हज झालेली लागते, मगच दुसऱ्याच्या नावाने. आणि दुसऱ्यांदा जायला तुम्हाला कुठून जमणार?" रुकय्याने टीपॉयवरची पिशवी उचलली, दोरीचे मणी बोटांत फिरवले. "माझी एकच गोष्ट करा. काबा पहिल्यांदा दिसेल ना, ती पहिली नजर अम्मीला द्या. तेव्हा स्वतःसाठी काही मागू नका. दुसरं कुणाचं काही मागू नका. फक्त सांगा की, खैरुन आलीय, तू बोलावलेलीस ती. तिला कबूल कर. एवढंच सांगा."

जया ताडकन उभी राहिली. "रुकय्या, अगं तिला..."

सफुराने हात पुढे केला. जया नेमकी कुठे उभी आहे ते तिला दिसत नव्हतं, म्हणून तो आधी हवेत गेला, मग जयाच्या मनगटावर आला आणि तिथे इतका घट्ट बसला की बांगडी रुतली.

"काय झालं?" रुकय्याने विचारलं.

"काही नाही," सफुरा म्हणाली. "देईन. पहिली नजर आपाची."

"कसम?"

"कसम."

रुकय्याने पिशवी तिच्या हातात दिली. मग इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला फुटलं आणि ती सफुराच्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडली. सफुरा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या डोक्यात काहीच नव्हतं, ना चिठ्ठी, ना डोळे. एवढा मोठा धक्का बसल्यावर माणूस आतून कोरडं होतं, तशी ती झाली होती. एकच गोष्ट तिला स्पष्ट कळत होती. आता ती जी नजर घेऊन जाणार होती ती तिची उरली नव्हती.

बाहेर आल्यावर दार लागलं आणि जिन्यावर पुन्हा काळोख झाला. जया दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, डोळे मागायचे होतेस ना तू. तेवढ्याचसाठी तर मी..."

"माहीत आहे कशासाठी."

"मग तिला सांगायचंस तरी. तिने सोडलं असतं. ती पोर काही वाईट नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं," सफुरा म्हणाली. "तिने सोडलं असतं, मग मी माझे डोळे मागितले असते, आणि आपा पुन्हा राहिली असती. किती वेळा राहायचं तिने?"

जया हुंदके देत भिंतीला टेकून उभी राहिली. सफुराने पर्समधून यादीचं पान काढलं. त्या काळोखात ते वाचता येणार नव्हतं, आणि वाचायची गरजही नव्हती. त्यावर काट न बसलेलं एकच नाव होतं.

"मला माफ करशील का गो?" जयाने विचारलं. "आज नको. पण जायच्या आधी?"

चढताना जयाचा हात झटकणाऱ्या सफुराने आता आपणहून आपला हात पुढे केला. जयाने तो धरला. दोघी हळूहळू उतरू लागल्या, एक मजला, मग दुसरा. शेवटच्या वळणावर सफुरा थांबली. पुढे खाली कुठेतरी रस्त्याचा उजेड होता, पण पायाखाली काहीच दिसत नव्हतं.

"किती पायऱ्या राहिल्या?" तिने विचारलं. "खरं सांग."

जयाने वाकून मोजल्या. "आठ."

सफुरा एकेक पायरी पायाने चाचपत, मनात मोजत उतरली. आठच होत्या.